वरच्या हवेच्या बाटल्या

६ मार्च, मंगळवार

अखेर फुगा उडाला. दोनदा वाऱ्यानं आमचा पचका केला होता. आज मैदानावर पानसुद्धा हलत नव्हतं, तर शंकासुर म्हणतो, "मॅडम, एवढं शांत आहे म्हणजे काहीतरी गडबड होणार." हा आमच्या प्रयोगशाळेतला मोजणीचा माणूस. हवा कितीही स्वच्छ असो, त्याला तिच्यात काहीतरी दिसतंच, म्हणून मी त्याला हे नाव ठेवलं. त्याला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही.

फुग्याखाली आमच्या पोलादी बाटल्या लटकतात. आतून ठार रिकाम्या, हवासुद्धा काढून टाकलेली. फुगा ढगांच्या, विमानांच्याही कितीतरी वर जातो आणि हळूहळू उतरायला लागला की एकेका उंचीवर एकेक झडप उघडते, तिथली हवा बाटलीत घेते आणि मिटते. मग छत्रीला टांगून सगळं खाली येतं. मी काय काम करते असं कुणी आईला विचारलं तर ती सांगते, "हवा भरून आणते." तिचं काही चुकत नाही.

झडपांना वरची थंडी सोसत नाही, म्हणून त्यांना एक जाड खोका लागतो. जुना खोका मागच्या खेपेला आपटून फुटला. नव्यासाठी खरेदी विभागाच्या किती पायऱ्या झिजवल्या, पण त्यांचं आपलं आज-उद्या चालूच. मी घरी आदळआपट केली, ती भुंग्यानं ऐकली. भुंग्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी सारखा गुणगुणायचा, तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलं. त्याचा फोमचा कारखाना आहे, शीतगृहांच्या भिंतींचे जाड तक्ते करतो. आठवड्याच्या आत खोका घेऊन दारात हजर. फिकट पिवळा, हातात घेतला तर वजनच लागेना. "ताई, बर्फात ठेव नाहीतर शेगडीवर ठेव, आतल्याला पत्ता लागणार नाही!" आमचे साहेब तर खूश. फुकटात काम झालं की ते नेहमीच खूश असतात.

संध्याकाळी सगळं एका नांगरलेल्या शेतात सापडलं. बाटल्या शाबूत, खोक्याचा एक कोपरा चेपलेला. भुंग्याचा फोन आला तो बाटल्यांसाठी नव्हे. "माझा खोका कसा आहे?" परस्पर येऊन दुरुस्तीला घेऊनही गेला. जीव लावावा तर या पोरानं.

९ मार्च, शुक्रवार

बाटल्या मोजणीला गेल्या. आता वाट बघणं आलं, आणि ते मला कधीच जमलं नाही. मी माझ्या टेबलासमोरच्या आलेखाकडे बघत बसते.

त्यात एक रेघ आहे. एके काळी फ्रीजमध्ये, फवाऱ्यात, फोममध्ये सगळीकडे एकच गॅस असायचा. पेटत नाही, सडत नाही, माणसाला काही करत नाही, म्हणून सगळ्यांचा लाडका. पण तो काही न करता तरंगत वर जातो, वरचं कडक ऊन त्याला फोडतं, त्यातला क्लोरीन सुटा होतो आणि ओझोन खात सुटतो. हे कळलं तेव्हा जगभर बंदी आली. तेव्हापासून ही रेघ उतरते आहे. मुंगीच्या पावलांनी, पण उतरते आहे. मी नोकरीला लागले तेव्हा ती माथ्यावर होती. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. माझ्या आयुष्यात शहाण्यासारखी वागलेली एवढी एकच गोष्ट आहे, आणि ती मी केलेली नाही, फक्त मोजलेली आहे. तरी तिचा अभिमान वाटतो. कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथं लिहून ठेवते.

१३ मार्च, मंगळवार

आकडे आले. शंकासुरानं पुन्हा पुन्हा मोजले, तरी तेच.

सगळ्यात वरच्या बाटलीत तो गॅस जवळजवळ नसायलाच हवा. तिथलं ऊन त्याला टिकूच देत नाही. आणि तो आहे. भरपूर आहे. खालच्या बाटल्यांतही अपेक्षेपेक्षा जास्त. माझी रेघ शेवटच्या टोकाशी फणा काढून उभी राहिली आहे.

"आपलंच काहीतरी घाणेरडं आहे, मॅडम," शंकासुर म्हणाला.

मलाही तेच वाटतं. तेच असू दे.

२२ मार्च, गुरुवार

घाण शोधता शोधता जीव मेटाकुटीला आला. शंकासुराकडे एक लोखंडी पिंप आहे. एकेक वस्तू त्यात बंद करायची, आतली हवा खेचून घ्यायची, म्हणजे त्या वस्तूतून जे काही सुटतं ते यंत्राला कळतं. झडपांचं वंगण घातलं. छत्रीचं कापड घातलं. फुग्याचा तुकडा, पट्टे, बॅटऱ्या, दोऱ्या सगळं घातलं. सगळं धुतल्या तांदळासारखं.

"खोका राहिला," तो म्हणाला.

"तो दुरुस्तीला गेलाय. आणि तो माझ्या भावानं केलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे घरचा आहे. बाजारातला नाही."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अडाणी आहे. मग पिंपाचं झाकण पुसायला लागला.

साहेबांना मात्र घाणबिण नकोच आहे. पुढल्या वर्षी फुगे उडवू देतील की नाही याचीच त्यांना धास्ती होती, आणि आता त्यांना घबाड मिळालं. "अहो, म्हणजे कुणीतरी चोरून बनवतंय! आणि ते आपण पकडलं!" मी म्हटलं, थोडं थांबा. ते म्हणाले, थांबतो, आणि त्याच दिवशी वर कळवून टाकलं.

२५ मार्च, रविवार

भुंग्या, भावजय आणि भाची जेवायला आले होते. भाचीनं विचारलं, "आत्या, फुग्यात काय सापडलं?" मग मी राहतेय थोडीच. जे तोंडाला येईल ते बोलले. कुणीतरी हलकट, चार दिवसांच्या फायद्यासाठी, सगळ्या जगाच्या डोक्यावरचं छप्पर कुरतडतोय. त्याला पोरंबाळं नसतील का? रात्री झोप कशी लागते असल्यांना?

आई म्हणाली, "जेवताना शिव्या देऊ नकोस."

भुंग्या हसत होता. "सापडला की मला सांग, ताई. दोन लाथा मी घालतो."

भाचीनं त्याचं ऐकून ताटलीवर चमचा आपटला. मला फार बरं वाटलं. आपली माणसं आपल्या बाजूची असली की बाहेरच्यांशी भांडायला बळ येतं.

२७ मार्च, मंगळवार

येताना कारखान्यात डोकावले. खोका तयार आहे का बघायला गेले होते, पण तो अजून सुकत होता. भुंग्याचं काम मात्र जोरात आहे. मोठ्या साच्यात दोन पातळ रस ओततात, बघता बघता दूध उतू यावं तसा फोम फुगून वर येतो. वर्षभरापूर्वी इथं माश्या मारत बसायचे. तेव्हा माणसं कमी करायची वेळ आली होती आणि भुंग्याचं गुणगुणणं बंद झालं होतं. आईनं तर धसकाच घेतला होता.

"नवा व्यापारी सापडला, ताई. त्याच्या मालानं फोम कसा एकसारखा फुगतो बघ. हल्लीच्या मालाला ही सर नाही." कोपऱ्यात निळे ड्रम होते, नावं खरवडून काढलेली. मी विचारलं, हे असे काय? म्हणाला, "जुने ड्रम आहेत, पुन्हा पुन्हा वापरतात." काटकसर चांगलीच. आत गोडसर वास होता, माझं डोकं थोडं जड झालं. त्याला म्हटलं, खिडक्या उघड्या ठेवत जा, माणसं आजारी पडतील. तो म्हणाला, "तुझी प्रयोगशाळा नाही ही, कामधंद्याची जागा आहे." त्यानं चहा मागवला. निघताना तो साच्यापाशी उभा राहून गुणगुणत होता.

२९ मार्च, गुरुवार

सभा झाली. मोठमोठी माणसं होती, त्यांच्यापुढं मी बोलले. आधी कागदात बघून, मग रागानं कागद बाजूला ठेवून. वरच्या बाटलीचा आकडा सांगितला तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. मी म्हटलं, "ही हवा खोटं बोलत नाही." टाळ्या पडल्या.

शंकासुर मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बोललात छान. पण तो खोका एकदा आणाच, मॅडम."

किती पाठ घ्यावी माणसानं!

३ एप्रिल, मंगळवार

भुंग्या सकाळी खोका देऊन गेला. चेपलेला कोपरा नव्यासारखा. झाकणाला आतून त्यानं एक कप्पा केलाय, "तुझं काहीबाही ठेवायला." वर जाणाऱ्या खोक्यात माझं काय जाणार, बावळटा?

शंकासुरानं तो पिंपात घातला. मी म्हटलं, आटप एकदाचं, म्हणजे तुझं समाधान होईल.

यंत्राची सुई पार शेवटच्या खुणेला जाऊन आदळली. त्यानं यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पिंप उघडून हवा जाऊ दिली आणि पुन्हा बंद केलं. पुन्हा तेच. तो माझ्याकडे बघेना. मी खुर्चीत बसून राहिले.

वरच्या हवेत काही नव्हतं. आमच्याच बाटल्यांच्या तोंडाशी आम्ही तो गॅस घेऊन गेलो होतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून जितकं वर जाल तितका फोम आतला गॅस जास्त सोडणार. इतकं साधं.

आणि फोम ताजा आहे.

४ एप्रिल, बुधवार

काही सुचत नाही. भाचीचा फोन आला होता, उचलला नाही.

५ एप्रिल, गुरुवार

साहेबांना सांगितलं. ते आधी पांढरे पडले, मग लाल झाले, आणि शेवटी एकदम समजूतदार. समजूतदार साहेबांची मला जास्त भीती वाटते.

"हे बघा, वेष्टणामुळे नमुने खराब झाले, एवढंच लिहा. निकाल मागे घेऊ. थोडी छी-थू होईल, विसरतील लोक. वेष्टण कुठलं, कुणाचं, हे कशाला?"

"साहेब, बंदीचा गॅस आहे त्यात. नवा फोम आहे."

"तुमच्या भावाचा आहे ना? मग तुम्हालाच सांगायला हवं का मी?"

मी म्हटलं, सोमवारी कागद देते. खोलीत आले तर आलेख तसाच भिंतीवर. रेघ पुन्हा खाली आणून ठेवता येईल, एका फटक्यात. तिचं शेवटचं टोक खोडलं की झालं. पण त्या निळ्या ड्रमांचं काय? ते येतच राहणार, साचे भरतच राहणार, आणि मी वर्षानुवर्षं फुगे उडवून कुणीतरी हलकट शोधत राहणार. मी भर सभेत ज्याला चोर म्हटलं तो माझ्या हातचं जेवून गेला होता.

मी लिहिणार आहे. खरं तेच लिहिणार. इथं लिहिणं सोपं आहे. कागदावर लिहिताना काय होईल कोण जाणे.

६ एप्रिल, शुक्रवार

कारखान्यात गेले. भुंग्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. आधी त्याला कळलंच नाही. मग म्हणाला, "छे! तो व्यापारी म्हणाला जुना साठा आहे, चालतो."

"तू विचारलंस का, काय आहे म्हणून?"

"ताई, माल चांगला निघत होता. माणसं कामाला होती. कशाला विचारू?"

मी तरी कुठं विचारलं? खरवडलेली नावं बघितली आणि चहा पिऊन घरी आले. त्याला निदान ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं आणि तरी दिसलं नाही.

"तू त्या दिवशी जेवताना ज्याला शिव्या देत होतीस," तो हळूच म्हणाला, "तो मी होय?"

मी मान हलवली. इतका मोठा झालेला माणूस, पण ओठ लहानपणी काही फुटलं-तुटलं की व्हायचे तसे झाले. मला त्याला जवळ घ्यायचं होतं. घेतलं नाही. आजूबाजूला त्याची माणसं होती.

त्यानं व्यापाऱ्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. मी त्याला सांगितलं की सोमवारी मी कागद देणार, मग तपासणीवाले येतील. म्हणाला, "म्हणजे तूच देणार मला धरून?" मी म्हटलं, "मी फोमबद्दल लिहिणार आहे, भुंग्या. खोटं लिहून पुन्हा फुगा उडवता येणार नाही मला."

तेवढ्यात आईचा फोन आला. भावजय कारखान्यातच हिशेबाला बसते, तिनं आमचं बोलणं ऐकून आईला कळवलं होतं. फोनवरच रडायला लागली. "त्याला सांभाळ गं. तू थोरली आहेस." मी गडबडून गेले. निघता निघता त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "अजून वेळ आहे. काय करायचं ते कर, पण ते ड्रम तुझ्याकडे सापडता कामा नयेत. एक थेंबसुद्धा नको."

"नक्की?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नक्की.

मला म्हणायचं होतं, परत पाठव. नाहीतर असला गॅस ज्यांच्या भट्टीत जाळून नष्ट करतात त्यांच्याकडे आपण होऊन जमा कर. आपण होऊन गेलं तर सांभाळून घेतात. हे सगळं मी त्याला घरी गेल्यावर फोन करून नीट सांगणार होते. पण घरी आई भिंतीला टेकून बसली होती, तिला गोळी दिली, पाणी दिलं, पाय चेपत बसले. राहून गेलं.

८ एप्रिल, रविवार

सकाळपासून कागद लिहीत होते. लिहून झाला. एक शब्दही खोटा नाही. वाचून बघितला आणि वाटलं, आता निदान एवढं तरी हातून नीट झालं.

दुपारी सगळे जेवायला आले. मी धास्तावूनच दार उघडलं. तर भुंग्या हसतोय! भावजयीच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला, भाची माझ्या कमरेला मिठी मारतेय. आईनं भुंग्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"ताई, तू लिही बिनधास्त," तो बसता बसता म्हणाला. "काय लिहायचं ते लिही, येऊ देत त्यांना. कोपरान् कोपरा बघू देत."

"व्यापाऱ्यानं परत नेले?"

"तो कुठला येतोय. फोनच बंद. मीच केलं." त्यानं भात पुढे ओढला. "काल सगळे ड्रम मागच्या अंगणात काढले, झाकणं उघडून उन्हात ठेवले. तू सांगितलंस ना, एक थेंब नको. अगं, काय मस्त चीज आहे! जरा ऊन लागलं की उकळायलाच लागतं. हात लावला तर गार. वासही फारसा नाही. दुपारपर्यंत सगळे ठणठणीत कोरडे. खाली सांडलं नाही, गटारात नाही, कुणाच्या विहिरीत नाही. आज भंगारवाला ड्रम घेऊन गेला."

मी हातातला डाव खाली ठेवला.

"गेलं कुठं मग ते?" भाचीनं विचारलं.

"उडून गेलं," भुंग्या म्हणाला आणि हातानं वर दाखवलं.

आई म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे."

आता हे लिहिताना मला नीट कळतंय की त्याच्या ड्रमांनी माझी रेघ हलणारसुद्धा नाही. एवढ्याशा गॅसचा जगाच्या हवेत पत्ता लागत नाही. माझ्या बाटल्यांत तो कधीच दिसणार नाही, तपासणीवाल्यांना सापडणार नाही, कुणाच्या कागदावर येणार नाही. तो सावकाश वर जाईल. मी निवृत्त होईन, आई नसेल, भाचीचे केस पिकतील, तरी त्यातला थोडा तसाच असेल. फोममध्ये निदान भिंतीआड अडकून पडला असता. भट्टीत जळून गेला असता. मी एक फोन केला असता तर.

पण जेवताना यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं रिकामं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. भुंग्याच्या हातातला घास थांबला होता, ओठ पुन्हा तसेच व्हायला लागले होते.

"काय गं ताई? चुकलं का काही?"

"नाही रे," मी म्हटलं. "बरं केलंस." आणि त्याला भात वाढला.